जर-तर, जरी-तरी आणि चिनी भाषेचा पेपर

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

मी औशातून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला आता काय झालं? विषय आहे, शाळेतल्या चिनी भाषेच्या परीक्षेची तयारी, आणि तीसुद्धा थीमनुसार. म्हणजे कुटुंब, गाव, शाळा, काम, जग अशा थीम घेऊन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे दहावीला बसणाऱ्या बहुतेक पोरांसमोर चिनीचा पेपर येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी परदेशी भाषांची नावं दिली आहेत. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. २०१९ च्या मसुद्यात चिनीचं नाव होतं, अंतिम धोरणात ते राहिलं नाही. मग हा पेपर देतं कोण? एक तर इंग्लंडमधली मुलं. तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला जीसीएसई म्हणतात आणि त्यात मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, घेता येतं. दुसरं, केंब्रिज बोर्डाच्या शाळांतली मुलं. तिसरं, एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा देणारे कुणीही. ती भारतातही देता येते. तिच्या जुन्या पद्धतीत पहिल्या पातळीला १५०, दुसरीला ३०० आणि तिसरीला ६०० शब्द यावे लागतात.

मी तिसऱ्या गटातला. कामात जे हार्डवेअर बोर्ड हाताळायचो, त्यांची अर्धी माहिती चिनीत असायची, म्हणून शिकत गेलो आणि एचएसकेची तिसरी पातळी पास झालो. पहिल्या गटात आहे माझी भाची. चुलतबहीण इंग्लंडमध्ये असते, तिची मुलगी. भाचीने जीसीएसईला चिनी घेतलंय. गेले काही महिने दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो. चिनी शिकणार नसाल तरी ऐका, कारण खरा मुद्दा मराठीचा आहे.

तर परीक्षा कशी असते? भाचीच्या अभ्यासक्रमात पाच थीम आहेत. पहिली, आपली ओळख आणि संस्कृती. दुसरी, आपला परिसर, सुट्टी आणि प्रवास. तिसरी, शाळा. चौथी, पुढचं शिक्षण आणि काम. पाचवी, जग आणि पर्यावरण. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, असे चार पेपर, प्रत्येकाला २५ टक्के. डिक्शनरी न्यायची नाही. बोलण्याच्या परीक्षेत एक छोटा प्रसंग वठवायचा, एका चित्रावर बोलायचं आणि मग गप्पा. गप्पांची सुरुवात तुम्ही निवडलेल्या विषयावर होते, पण पुढे परीक्षक नेईल तिकडे जावं लागतं.

आता याची तयारी मुलं कशी करतात? आपल्या लातूरकडच्या पोरांना सांगायलाच नको. प्रत्येक थीमचा एक निबंध घ्यायचा आणि घोकायचा. भाचीकडेही तसंच होतं. तिने कुटुंबावरचा परिच्छेद धडाधडा म्हणून दाखवला. एक श्वास, दहा वाक्यं. मी चिनीतच विचारलं, "तुझे आजी-आजोबा कुठे राहतात?" आणि गाडी थांबली. प्रश्न अवघड नव्हता, शब्द तिला येत होते. पण निबंधात आजी-आजोबा नव्हते ना! निबंधात होता एक कुत्रा, जो त्यांच्या घरी नाहीच.

इथे कुणी लगेच लातूर पॅटर्नला नावं ठेवू नका. त्यातली शिस्त भारीच आहे. रोजचा सराव, दर आठवड्याला वेळ लावून परीक्षा, चुकलेला प्रश्न परत परत सोडवणं. भाषेलाही हे सगळं लागतं. फरक एवढाच की घोकायचं काय, हे नीट ठरवावं लागतं. गप्पांत आख्खा निबंध कामाला येत नाही. वाक्याची चौकट कामाला येते. चौकट पाठ करायची आणि आतला माल आपल्या घरचा भरायचा.

आता चौकटी कोणत्या ते बघू. गंमत इथेच सुरू होते. भाची चिनी शिकत होती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, शिक्षक इंग्रजीतून समजावणार. घरी मात्र ती आईशी मराठीत बोलते. त्या मराठीचा चिनीशी काही संबंध असेल, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. आपल्याही येत नाही. परदेशी भाषा म्हटलं की ती इंग्रजीच्या दारातूनच आत येणार, असं आपण धरून चालतो. चिनीच्या बाबतीत हे बऱ्याच ठिकाणी उलटं आहे. बघा.

प्रश्न विचारायचाय, "तू येतोस का?" चिनीत "नी लाय मा?" नी म्हणजे तू, लाय म्हणजे येणं, आणि शेवटचा "मा" म्हणजे आपला "का". साध्या वाक्याच्या शेपटीला "का" लावला की झाला प्रश्न. इंग्रजीत त्यासाठी वाक्य उलटंपालटं करावं लागतं. आपल्याला नाही, त्यांनाही नाही.

दुसरी चौकट, तुलना. "लातूर औशापेक्षा मोठं आहे." चिनीत "पेक्षा"साठी "पी" आहे. लातूर, पी औसा, मोठं. मोठं या शब्दाला "अधिक मोठं" असं वेगळं रूप द्यावं लागत नाही. मराठीतही नाही.

तिसरी, जर-तर. "जर पाऊस पडला, तर मी येणार नाही." इंग्रजीत "तर" बहुतेक वेळा गळतो. चिनीत आपल्यासारखेच जोडीचे दोन शब्द आहेत, एक पुढे, एक मागे. चौथी, जरी-तरी. "जरी गाव लहान असलं, तरी मला आवडतं." इंग्रजीत दोन्ही शब्द एका वाक्यात घातले तर शिक्षक लाल रेघ मारतात. चिनीत दोन्ही घालायचे, "स्वेयरान" आणि "तानश". भाची पहिला घालायची आणि दुसरा विसरायची, कारण डोक्यात इंग्रजी वाक्य तयार व्हायचं. मी म्हटलं, "आधी मराठीत म्हण." ती म्हणाली, "जरी गाव लहान असलं तरी..." आणि पुढचं चिनी वाक्य आपोआप सरळ आलं.

पाचवी चौकट, वेळ आणि जागा. "मी उद्या लातुरात पुस्तक घेणार." आधी कोण, मग कधी, मग कुठे. चिनीतही हाच क्रम. फक्त शेवटी क्रियापद आधी आणि वस्तू नंतर. "मी उद्या लातुरात घेणार पुस्तक." एवढा एक बदल लक्षात ठेवला की निम्म्या चुका जातात.

या पाच चौकटी पाचही थीमना चालतात, म्हणून आधी त्या पक्क्या करायच्या. मग एकेक थीम घ्यायची. आता थीमनुसार जाऊ.

पहिली थीम, कुटुंब. इंग्रजीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे एकाच शब्दात बसवले आहेत. चिनीत तसं चालत नाही. बापाचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा. आत्या वेगळी, मावशी वेगळी. आईकडचे आजोबा वेगळे, बापाकडचे वेगळे. मोठ्या बहिणीला एक शब्द, धाकटीला दुसरा. इंग्रज मुलाला हा सगळा पसारा नव्याने समजून घ्यावा लागतो. भाचीच्या डोक्यात ते कप्पे आधीच होते, फक्त लेबलं चिकटवायची होती. ती मला मामा म्हणते, चिनीत झालं "च्यौच्यौ". ती इतकी हसली की आता फोन उचलला की तेच म्हणते.

अजून एक. "आमच्या घरात चार माणसं" हे सांगताना चिनीत मोजायला "खौ" शब्द लावतात, आणि त्याचा मूळ अर्थ आहे तोंड. आपणही म्हणतोच की, घरात खाणारी चार तोंडं! चिनीत कुठलीही गोष्ट मोजताना आकड्यानंतर असा एक शब्द लागतो. पुस्तकाला वेगळा, कागदासारख्या सपाट वस्तूला वेगळा, नदी किंवा रस्ता अशा लांबलचक गोष्टीला वेगळा. अवघड वाटतं ना? मग बाजारात आपण काय म्हणतो? मेथीच्या दोन जुड्या, कडब्याच्या चार पेंढ्या, पाच जण, दहा नग. सवय आपल्याला आहे. चिनीत ती सगळीकडे लावायची, एवढंच.

दुसरी थीम, आपला परिसर. पुस्तकात असतो एखाद्या मोठ्या शहराचा परिच्छेद. भाचीला मी म्हटलं, तू आजोळचं सांग. औसा लहान आहे. औशात जुना किल्ला आहे. लातूर औशापेक्षा मोठं आहे. जरी औसा लहान असलं, तरी मला आवडतं, कारण माझे आजी-आजोबा तिथे राहतात. मोजून चार वाक्यं, सगळी खरी, सगळी चौकटीतली. आता परीक्षकाने विचारू दे, किल्ला कसा आहे? ती सांगू शकते, कारण तिने तो बघितलाय. जे डोळ्यांसमोर आहे त्याबद्दलचा पुढचा प्रश्न आला तरी माणूस काहीतरी बोलतोच.

तिसरी आणि चौथी थीम, शाळा आणि काम. इथे एक काम करायचं. प्रत्येक वाक्य तीन काळांत फिरवायचं, काल, आज, उद्या. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. आपल्याकडे गेलो, गेली, गेले, जाईन अशी रूपं होतात, तिथे एकच. "काल", "उद्या" हे शब्द घालायचे आणि काम झालं असेल तर बहुतेक वेळा एक छोटा "ल" लावायचा. परीक्षेत वेगवेगळ्या काळांत बोललं की गुण वाढतात, आणि चिनीत ते तुलनेने स्वस्तात होतं.

पाचवी थीम, जग आणि पर्यावरण. मुलं हिला सगळ्यात जास्त घाबरतात. प्रदूषण, हवामान बदल, मोठाले शब्द. मी भाचीला दोन गोष्टी दिल्या, दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्या. पहिली, एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. आता रेल्वेला चिनी शब्द काय? "ह्वोछ". ह्वो म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. आगगाडी! आपले आजोबा म्हणायचे तोच शब्द. दुसरी गोष्ट, किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातली. भूकंपाला चिनीत "तीचन". ती म्हणजे जमीन, चन म्हणजे हादरणं. भू आणि कंप. शब्द फोडून दाखवल्यावर भाचीला तो परत विचारावा लागला नाही.

आणि बघा, "पाणी नव्हतं, आगगाडीने पाणी आलं, जर पाऊस पडला नाही, तर माणसं काय पिणार?" हे वाक्य लिहायला फार शब्द लागत नाहीत. पण त्यात म्हणायला काहीतरी आहे. ते वाचणाऱ्यालाही कळतं.

आता चिनी अक्षरं. हे काम कष्टाचं आहे, खोटं कशाला सांगू. पण इथेही थीम मदत करते. आई, ताई, धाकटी बहीण, आत्या, आजी, या सगळ्यांच्या अक्षरांत डाव्या बाजूला एकच खूण आहे, बाईची. नदी, तलाव, समुद्र, तहान, धुणं, यांत डावीकडे तीन ठिपके, पाण्याची खूण. म्हणून अक्षरं सुटी सुटी पाठ करू नका. एका थीममधली एका खुणेची अक्षरं एकत्र लिहा. मोबाईलवर फ्लॅशकार्डचं ॲप असेल तर प्रत्येक कार्डाला थीमचं नाव आणि खुणेचं नाव, असे दोन टॅग लावा.

उच्चाराचं एक गुपित. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात, १९५८ साली ती चीनमध्ये अधिकृत झाली. त्यात बी लिहिलेलं असलं तरी आवाज आपल्या "प"च्या जवळचा असतो, आणि पी लिहिलं की "फणस"मधला फ. डी म्हणजे जवळपास त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. आपल्या बाराखडीत हा फरक पहिलीपासून आहे. आणि झेड? तो म्हणजे "चमचा"तला च. "चार"मधला वेगळा, "चमचा"तला वेगळा, हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजी अक्षरांवर जाऊ नका, ऐका आणि देवनागरीत लिहून ठेवा.

सूर मात्र शिकावे लागतात. चार सूर आणि एक हलका. एकाच "मा"चे सुरानुसार आई, ताग, घोडा, ओरडणं असे अर्थ होतात. इथे मराठीचा आधार थोडाच. आपण "हं?" असं विचारतो तेव्हा आवाज वर जातो, "हं!" म्हणून विषय संपवतो तेव्हा खाली पडतो. तेवढं धरून सुरुवात करा आणि रोज दहा मिनिटं मोठ्याने ऐकून म्हणा. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐका. यात शॉर्टकट नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं इंग्लंडच्या पोरांचं, आमचं काय? दोन उदाहरणं देतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावची जिल्हा परिषदेची शाळा २०२० मध्ये बातम्यांत आली होती. तिथल्या मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? त्यांना रोबोटिक्स आणि तंत्रज्ञानाची ओढ, म्हणून त्यांनी जपानी निवडली आणि इंटरनेटवरून शिकायला लागली. गाव लहान असणं आड आलं नाही.

दुसरं उदाहरण औशावरून तुळजापूरमार्गे गेलं की लागणाऱ्या सोलापूरचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०. चीन-जपान युद्धात मदतीला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीस तिथे चिनी शिकले, आणि त्यांची थीम काय होती? दवाखाना. जखम, ताप, पाणी, दुखतंय का, कुठे दुखतंय. रोज तेच शब्द, रोज नवा माणूस. पुढे ते तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यासमोर पेपर नव्हता, पेशंट होता. पण पद्धत तीच, जे समोर आहे ते त्या भाषेत बोलायचं.

आज चीनशी आपले संबंध कसेही असोत, शेजारी तर आहे ना? त्याची भाषा आपल्यातल्या काही जणांना यायलाच हवी. व्यापारासाठी, तंत्रज्ञानासाठी, आणि ते आपल्याबद्दल काय लिहितात ते स्वतः वाचण्यासाठीही.

जाता जाता वेळापत्रक सांगतो, लिहून घ्या. पहिले दोन आठवडे फक्त पाच चौकटी. मग एका थीमला दोन आठवडे, म्हणजे पाच थीमना दहा. प्रत्येक थीममध्ये स्वतःबद्दलची दहा खरी वाक्यं, आधी मराठीत, मग चिनीत. त्यांतली पाच तीन काळांत फिरवायची. मग कुणाला तरी सांगायचं, मला प्रत्येक वाक्यावर "का?" आणि "मग?" विचार. विचारणाऱ्याला चिनी यायची गरज नाही, आई मराठीत विचारेल, तुम्ही चिनीत उत्तर द्या. तुम्हीही प्रश्न विचारायचा सराव करा, छोट्या प्रसंगात तो विचारावाच लागतो. शेवटचे दोन आठवडे थीम मिसळायच्या. चिठ्ठ्या टाका, निघेल त्यावर एक मिनिट बोला. आणि लातूर पॅटर्नमधली ती आठवड्याची परीक्षा, ती अजिबात सोडू नका.

भाचीची परीक्षा अजून व्हायचीय. गुण किती पडतील ते तेव्हा कळेल. पण गेल्या रविवारी औशाच्या आजीने मराठीत विचारलं, "सुट्टीत येतीस का गं?" आणि पोरीने चिनीत उत्तर दिलं, जर-तर सकट. आजीला काही कळलं नाही. मी भाषांतर केलं, "जर परीक्षा चांगली गेली, तर येते." आजी म्हणाली, "वाईट गेली तरी ये की."

मी भाचीला म्हटलं, हे बघ, "जरी-तरी"चं पुढचं वाक्य आजीनेच दिलं. लिहून घे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही कुठली भाषा शिकताय, आणि तिच्यात मराठीसारखं काय सापडलं, ते मला व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!